कन्सोलमागे जागा: बायका आणि क्वीअर डीजे एकमेकींना कशा उभ्या करतात

रात्रपाळी (धागालेखिका, पुणे)

दर वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुण्या-मुंबईतल्या क्लबांना अचानक बाई डीजे हव्या होतात. आठ तारखेच्या पोस्टरवर सगळी नावं बायकांची, गुलाबी अक्षरं, आणि नऊ तारखेपासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जूनमध्ये, म्हणजे प्राइडच्या महिन्यात, क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) डीजेंच्या बाबतीत हेच होतं. मी पुण्यात डीजे म्हणून काम करते आणि माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकीचा हाच अनुभव आहे. पण हा धागा तक्रारीसाठी काढलेला नाही. उरलेल्या महिन्यांत आम्ही या क्षेत्रात कशाच्या जोरावर टिकतो, याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून लिहितेय.

पोस्टरवर नाव येणं ही फार पुढची गोष्ट. त्याआधी हवा असतो कन्सोलवरचा, म्हणजे गाणी वाजवायच्या-मिसळायच्या यंत्रांवरचा, वेळ. चुकायची मुभा असलेला, आणि मागून कुणी हात घालून नॉब फिरवणार नाही असा. घरी लॅपटॉपला जोडायच्या छोट्या कंट्रोलरवर शिकता येतं, पण क्लबातल्या मोठ्या यंत्रांवर हात बसायला तिथेच उभं राहावं लागतं. आणि तिथे उभं राहायला मिळतं ते ओळखीतून. प्रमोटरचा (कार्यक्रम भरवणाऱ्याचा) मित्र, त्या मित्राचा मित्र, रात्री दोन वाजता बंद क्लबात "ये, जरा वाजवून बघ" म्हणणारा कुणीतरी. मुलांना हे सहज मिळतं. रात्री दोनला बंद क्लबात चार अनोळखी पुरुषांबरोबर थांबायचं की नाही, हा हिशोब मुलीला आधी करावा लागतो, आणि बऱ्याचदा ती घरी जाते. पाच वर्षांनी तोच मुलगा हेडलाइनर (कार्यक्रमाचं मुख्य नाव) असतो आणि लोक म्हणतात, मुलींना तांत्रिक बाजूची आवडच नसते.

ज्या संगीतावर आजचे क्लब चालतात ते आलं कुठून, हे इथे सांगायलाच हवं. न्यूयॉर्कमध्ये १९७० साली डेव्हिड मॅनक्युसोने स्वतःच्या राहत्या जागेत 'द लॉफ्ट' सुरू केलं. आमंत्रितांनाच प्रवेश, दारूविक्री नाही, आणि नाचणाऱ्यांत मोठा वाटा समलिंगी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मंडळींचा. १९७७ मध्ये शिकागोच्या 'वेअरहाउस' या क्लबात फ्रँकी नकल्स वाजवू लागला. 'हाउस' या नृत्यसंगीताचं नाव त्या जागेवरूनच आलं असं मानतात. न्यूयॉर्कच्या 'पॅराडाइज गराज' क्लबात लॅरी लेव्हन वाजवायचा. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही समलिंगी. शॅरन व्हाइट ही लेस्बियन डीजे त्याच काळात न्यूयॉर्क गाजवत होती आणि गराजच्या कन्सोलपर्यंत पोचली होती. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात हजारो लोकांसमोर डिस्कोच्या, म्हणजे अशाच क्लबांत वाजणाऱ्या संगीताच्या, तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला. त्यामागे नुसती संगीताची नावड होती असं मला वाटत नाही. ते संगीत कुणाचं होतं याचाही राग त्यात होता.

पुढे हे संगीत युरोपात गेलं, मोठं झालं, पैसा आला, आणि ज्यांनी ते घडवलं तेच लाइनअपमधून (वाजवणाऱ्यांच्या यादीतून) पुसले गेले. १९९८ मध्ये व्हिएन्नाच्या इलेक्ट्रिक इंडिगो या डीजेने 'फीमेल:प्रेशर' सुरू केलं. सुरुवातीला ही फक्त एक यादी होती. कोणत्या देशात कोण बाई डीजे आहे, कोण निर्माती आहे, कोण ध्वनीचं काम करते, हे शोधता येईल अशी. प्रमोटर म्हणायचे, "आम्हाला बायका सापडतच नाहीत." ही यादी म्हणजे त्याला उत्तर होतं. २०१३ पासून त्यांनी महोत्सवांचे लाइनअप मोजून आकडे जाहीर करायला सुरुवात केली. २०१२ च्या महोत्सवांत बायकांचा वाटा दहा टक्क्यांच्या आत निघाला. २०२०-२१ पर्यंत तो पाव हिश्शाच्या थोडा वर गेला. हे आपोआप झालेलं नाही, कुणीतरी बसून नावं मोजली म्हणून झालं.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते न्यूयॉर्कचं 'डिस्कवुमन'. २०१४ मध्ये फ्रँकी हचिन्सन, एमा बर्जेस-ओल्सन आणि क्रिस्टीन मॅक्कॅरन-ट्रॅन या तिघींनी ब्रुकलिनच्या बोसा नोव्हा सिव्हिक क्लबात दोन दिवसांचा कार्यक्रम केला, त्यातून ते उभं राहिलं. यातली एमा म्हणजे उमफांग या नावाने वाजवणारी डीजे. त्या नुसता कार्यक्रम करून थांबल्या नाहीत, त्यांनी बुकिंग एजन्सी काढली. मानधन किती, विमानाचं तिकीट कोण काढणार, हॉटेल कुठलं, हे बोलायला डीजेच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं. एकटी मुलगी "एवढे पैसे हवेत" म्हणाली की नखरेल ठरते. तेच एजन्सीने म्हटलं की तो व्यवहार होतो.

आमच्याकडे एजन्सी नाही, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात बायका आहेत, ट्रान्स आणि नॉन-बायनरी (स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणारी) मंडळी आहेत. नियम साधे. आपल्याला मिळालेलं मानधन तिथे लिहायचं, लाजायचं नाही. आपल्याला जमत नसलेलं गिग (वाजवायचं काम) ग्रुपमधल्याच कुणालातरी द्यायचं. गेस्टलिस्टवर मिळणारी जास्तीची जागा शिकणाऱ्या कुणालातरी, म्हणजे तिला कन्सोलमागे उभं राहून बघता येतं. रात्री घरी पोचल्याचा निरोप टाकल्याशिवाय कुणी झोपत नाही. आणि एका कॅफेमालकाने आठवड्यातली एक दुपार त्यांचा कन्सोल आम्हाला उघडून दिला आहे. बार बंद, दिवे चालू, ज्याला जे वाजवायचं ते वाजवा.

तुमच्या गावात, शहरात, देशात असं काही आहे का? वाचायला आवडेल.

पिंपळपार

धागा आवडला, माहिती नवीन आहे. एक शंका मात्र मनापासून विचारतो. संगीत ऐकताना वाजवणारा कोण हे मी पाहत नाही. चांगलं असेल तर पुढे येईलच ना? वेगळे गट केल्याने भिंती वाढत नाहीत का? शिवाय आमच्या पेठेत डीजे म्हटलं की गणपतीत खिडक्यांच्या काचा हलवणाऱ्या स्पीकरच्या भिंती आठवतात. घरात वयस्कर आईवडील आहेत, त्यामुळे त्या शब्दाबद्दल फार प्रेम नाही.

रात्रपाळी

पिंपळपार, मिरवणुकीतल्या त्या भिंतींचा त्रास खरा आहे, त्यावर माझं तुमच्याशी भांडण नाही. आमचं काम बंद खोलीतलं, वेगळं.

चांगलं असेल तर पुढे येईल, हे मला पटत नाही, कारण चांगलं होण्याची संधीच सारखी मिळत नाही. डीजेला शाळा नसते. मुंबईत थोडेफार कोर्स आहेत, पण खरं शिक्षण होतं ते दुसऱ्याच्या गिगला मागे उभं राहून. तो गर्दी कशी वाचतो, पुढचं गाणं कधी आत घेतो, जागा अर्धी रिकामी असताना काय वाजवतो. मागे उभं राहायला कुणाला बोलावलं जातं त्यावर पुढची पिढी ठरते. आणि भिंतीबद्दल म्हणाल तर आमच्या दुपारी शिकलेल्या मुली नंतर सगळ्यांबरोबरच वाजवतात. कुणालाही फक्त बायकांच्या रात्रीत अडकून पडायचं नाहीये.

अजून एक. बाईला सहसा ओपनिंग स्लॉट मिळतो, नऊ ते अकरा. तो कमी दर्जाचा मानू नका. रिकाम्या खोलीला हळूहळू तापवणं, पुढच्या डीजेची गाणी आधीच वाजवून न संपवणं, हे फार अवघड काम आहे. प्रश्न इतकाच की वर्षानुवर्षं तोच स्लॉट का?

टेम्सपार (लंडन)

धागा बघून राहवलं नाही. नव्वदच्या दशकात मी लंडनला आले तेव्हा एका मैत्रिणीने मला उत्तर लंडनमध्ये टफनेल पार्कच्या 'द डोम'मध्ये नेलं. रात्रीचं नाव होतं 'क्लब काली'. १९९५ मध्ये डीजे रितू आणि रिटा या दोघींनी ते सुरू केलं. दक्षिण आशियाई समलिंगी, बायसेक्शुअल, ट्रान्स लोकांसाठी. भांगडा, हिंदी सिनेमाची गाणी, त्यातच हाउस. लेहेंग्यातले पुरुष, सुटातल्या बायका, आणि कोपऱ्यात साडी नेसलेली एखादी पन्नाशीची बाई एकटीच मनापासून नाचतेय.

तो काळ समजून घ्या. ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये कलम २८ आलं होतं. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा 'प्रसार' करू नये असा तो कायदा, इंग्लंडमध्ये तो २००३ पर्यंत टिकला. त्यामुळे शाळांतून या विषयावर बोलायला शिक्षक घाबरायचे. त्याच १९८८ च्या सुमारास 'शक्ती' हा दक्षिण आशियाई समलिंगी लोकांचा गट लंडनमध्ये उभा राहिला. रितू त्याच वर्तुळातली. गोऱ्या गे क्लबांत आपल्यासारख्यांकडे एक तर कुणी बघायचं नाही, नाहीतर प्रदर्शनातल्या वस्तूसारखं बघायचं. आणि देशी लग्नांत, भांगड्याच्या कार्यक्रमांत आपण कोण आहोत ते लपवावं लागायचं. दोन्हीकडे निम्मंच जायचं. 'काली'त अख्खं जाता यायचं.

रितूने 'आउटकास्ट' या ब्रिटिश आशियाई संगीताच्या लेबलच्या (रेकॉर्ड कंपनीच्या) स्थापनेतही वाटा उचलला, रेडिओवर कार्यक्रम केले. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. गे क्लब म्हणजे बहुतेक वेळा पुरुषांचे क्लब असत. इथे कन्सोलवर बाई होती आणि दारावरही बायका होत्या. त्यामुळे नाचायला बायका आल्या. इतकं सरळ आहे ते. कुणी समिती नेमून धोरण आखलं नव्हतं.

अमेरिकेतही त्याच सुमारास असंच घडत होतं. न्यूयॉर्कमध्ये डीजे रेखाने १९९७ मध्ये 'बेसमेंट भांगडा' सुरू केलं, ते २०१७ पर्यंत चाललं. वीस वर्षं एक मासिक रात्र चालवणं म्हणजे काय, हे या धंद्यातल्या लोकांना कळेल. आणि २००२ पासून डीजे आशू राय हिचं 'डेसिलिशस', तेही न्यूयॉर्कचंच, देशी क्वीअर मंडळींसाठी. आपल्या गाण्यांवर आपल्या माणसांबरोबर नाचायला मिळावं, ही गरज साता समुद्रापार गेल्यावर जास्तच तीव्र होते.

मांडवी_तीर

गोंयचा विषय येऊ दे. मा फैजाचं नाव इथे हवंच. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून वर आलेली, मग पुण्यात राहिलेली, आणि समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम असतानाही उघडपणे लेस्बियन म्हणून जगलेली डीजे. तिला ऐकून "असंही जगता येतं" म्हणणाऱ्या मुली मला माहीत आहेत. गोव्याच्या ट्रान्स संगीताच्या इतिहासात पुरुषांचीच नावं घेतली जातात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

रात्रपाळी

मांडवी_तीर, मनापासून आभार. पुण्यातल्या आमच्या आधीच्या पिढीत हे नाव घेतल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही.
टेम्सपार, "दारावरही बायका" हे वाक्य ग्रुपवर टाकतेय.

सप्तकोन

मी गे आहे, सांगलीकडचा, आता मुंबईत. डीजे म्हणून वाजवतो, नाव वेगळं घेतो. दोन गोष्टी लिहितो ज्या बाहेरून दिसत नाहीत.

पहिली पोस्टरची. प्रमोटरला फोटो हवा असतो, टॅग हवा असतो, 'क्वीअर आर्टिस्ट' असं ठळक लिहायचं असतं. माझ्या चुलतभावाच्या फोनमध्ये ते पोस्टर पोचायला किती वेळ लागेल? माझ्या घरी अजून माहीत नाही. ज्या मंडळीबरोबर मी वाजवतो तिथे पहिलाच प्रश्न असतो, "नाव कुठलं लावायचं, फोटो चालेल का, तुझ्याबद्दल काय लिहायचं?" दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी मला हे विचारलं गेलेलं नाही. आत आल्यावर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, बर्लिनच्या क्लबांत लावतात तसाच. त्यामुळे नाचणारेही निर्धास्त.

२०१८ च्या सहा सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ चा आमच्यावरचा फास काढला, तेव्हा खूप लोकांना वाटलं की आता सगळं सुटलं. पोलिसांची भीती कमी झाली हे खरं. त्याआधीच्या मुंबईतल्या गे पार्ट्यांचे पत्ते ईमेलच्या यादीवरून, शेवटच्या दिवशी कळायचे असं वडीलधारे मित्र सांगतात. पण कुटुंबाची भीती न्यायालयाच्या निकालाने जात नाही.

दुसरी गोष्ट आमच्याच घरातली, म्हणजे गे वर्तुळातली. मुंबईतल्या गे पार्ट्यांत कन्सोलवर बहुतेक पुरुषच असतात. लेस्बियन मुलींना, ट्रान्स बायकांना तिथे पाहुण्यासारखं वाटतं. आणि काही 'फक्त बायकांसाठी' असलेल्या कार्यशाळांत ट्रान्स मैत्रिणीला दारात थांबवून ओळखपत्र मागितलं, हेही मी पाहिलं आहे. आधाराची मंडळी बनवताना हे दार आधी तपासा. नाहीतर एका कुंपणातून बाहेर पडून दुसरं कुंपण घातल्यासारखं होतं.

ट्रान्स मैत्रिणींच्या बाबतीत पैशांचाही गुंता असतो. रंगमंचावरचं नाव एक, पॅन कार्डावर जुनं. बिल त्या जुन्या नावाने द्यावं लागतं, प्रमोटरचा अकाउंटंट ते नाव सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो. बाहेरगावच्या हॉटेलात आधार कार्ड दाखवताना पुन्हा तेच. आमच्याकडे एक मैत्रीण सगळ्यांची बिलं स्वतःच्या फर्ममधून करते आणि पैसे वाटून देते. तेवढ्याने एकीचं रडणं थांबलं.

रात्रपाळी

सप्तकोन, हे लिहिल्याबद्दल काय बोलू. आमच्या दुपारी दारात ओळखपत्र मागत नाही. जी स्वतःला जे म्हणते ते. बिलांची कल्पना आम्ही उचलतो आहोत.

कोर्टनाका (ठाणे)

व्यवसायाने वकील आहे. इथे कायद्याचं थोडं सांगते, कारण बऱ्याच मुलींना हे ठाऊक नसतं.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त पगारी नोकरदार बाईसाठी आहे असा गैरसमज आहे. तसं नाही. कंत्राटी, तात्पुरती, रोजंदारीवरची, अगदी बिनपगारी काम करणारी बाईसुद्धा त्यात येते. एका रात्रीसाठी बोलावलेली डीजे असलीस तरी तो क्लब त्या रात्री तुझं कामाचं ठिकाण आहे. मालकाने दिलेल्या गाडीतला प्रवाससुद्धा. दहापेक्षा कमी लोक काम करत असतील आणि अंतर्गत समिती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. ही मुदत निघून जाते आणि मग मुली माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून तारीख, वेळ, कोण होतं हे त्याच रात्री लिहून मैत्रिणीला पाठवून ठेवा.

या कायद्यातली उणीवही सांगते. तक्रार फक्त 'पीडित महिला' करू शकते. सप्तकोनसारख्या समलिंगी पुरुषाला या कायद्याचा आधार नाही. तिथे मंडळींनी स्वतःचे नियम लिहून, प्रमोटरकडून कबूल करून घेणं हाच सध्या व्यवहार्य मार्ग. करारात एक परिच्छेद घाला. मसुदा लागला तर देईन, फी नको.

रात्रीच्या कामाबद्दल. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०१७ मध्ये बदल झाला. बाईच्या संमतीने साडेनऊनंतर काम देता येतं, पण संरक्षणाची आणि घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाची. डीजे स्वतंत्र व्यावसायिक असल्याने हे तिला थेट लागू होईलच असं नाही, पण बार सांभाळणाऱ्या, दारावर उभ्या असलेल्या बायकांना, जागा त्या कायद्यात येण्याइतकी मोठी असेल तर, होतं. त्यांच्या गाडीत डीजेलाही जागा मागता येते. आणि हे हक्क किती अलीकडचे आहेत बघा: दारू मिळते त्या ठिकाणी बायकांना कामावर ठेवायला बंदी करणारं पंजाबच्या अबकारी कायद्यातलं कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं ते २००७ मध्ये.

धाग्यात डिस्कवुमनचा उल्लेख वाचून एक जोडते. न्यूयॉर्कमध्ये १९२६ पासून 'कॅबरे कायदा' होता. परवान्याशिवाय तीन माणसं नाचली तरी जागामालकावर कारवाई. गोरे-काळे एकत्र येत त्या हार्लेमच्या जॅझ क्लबांवर तो वापरला गेला, पुढे क्वीअर जागांवर. तो २०१७ मध्ये रद्द झाला, आणि त्यासाठी झटणाऱ्यांत डिस्कवुमनच्या फ्रँकी हचिन्सन होत्या. मला लगेच आपल्याकडची २००५ ची डान्स बार बंदी आठवली. तीन तारे आणि वरच्या हॉटेलांत नाच चालेल, खालच्या बारमध्ये नाही, अशी ती बंदी होती. उच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. तोवर हजारो बायकांची रोजीरोटी गेली होती. त्या वेळी बारबालांची युनियन लढली. रात्री काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेचा आपल्या राज्यातला तो इतिहास आहे, डीजे मुलींनी तो आपला मानावा असं मला मनापासून वाटतं. आपण 'कलाकार' आणि त्या 'बारवाल्या', अशी उतरंड लावून घेऊ नका.

पिंपळपार

कोर्टनाका, शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो. असा विचार केला नव्हता. माझी भाची हॉटेलात कामाला आहे, तिला हे पाठवलं.

लेव्हल_शून्य

साउंड इंजिनिअर आहे, बऱ्याच क्लबांची व्यवस्था लावली आहे. तांत्रिक बाजू लिहितो.

रात्रपाळी म्हणतात ते 'कन्सोलवरचा वेळ' प्रकरण पैशांचंही आहे. क्लबात सध्या पायोनिअरचे सीडीजे-३००० हे मानाचं यंत्र. एकाची किंमत दोन लाखांच्या वर, असे निदान दोन, वर मिक्सर. घरी शिकायचा छोटा कंट्रोलर तीस हजारांच्या आसपास येतो. त्यावर हात बसला तरी क्लबातल्या यंत्रावर पहिल्यांदा भंबेरी उडतेच, कारण लॅपटॉप समोर नसतो, गाणी पेनड्राइव्हवरून शोधायची असतात, मिक्सरच्या नॉबांची जागा वेगळी असते. ज्याने ते यंत्र आधी तासभर हाताळलंय त्याला हे पाच मिनिटांत जमतं. ज्याने नाही हाताळलं, त्याची अडखळ सगळ्या क्लबाला ऐकू येते. आणि अडखळणारी मुलगी असेल तर दोष तिच्या मुलगी असण्याला लागतो.

साउंडचेकला मी पाहतो, बाई डीजे आली की आमच्यातलेच लोक तिला विचारतात, "तुमच्याबरोबर टेक्निशियन कोण आहे?" किंवा न विचारता गेन (आवाजाची पातळी) कमी करतात. मी माझ्या मुलांना एक नियम घालून दिला आहे: कन्सोलला हात लावायचा तर वाजवणाऱ्याच्या डोळ्यांत बघून आधी विचारायचं. सगळ्यांनाच लागू. वाजवणाऱ्यांनी एवढं करा, मीटर लाल होऊ देऊ नका, बूथ मॉनिटर (डीजेच्या बाजूचा स्पीकर) आपल्याला हवा तेवढाच ठेवा, आणि कानात शिट्टी राहिली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या. कान गेले की परत येत नाहीत.

ठाणे-मुलुंड भागात कुणाला दुपारी यंत्र हाताळायचं असेल तर माझ्या गोदामात लावून देतो. सोबत मैत्रिणीला, आईला, कुणालाही आणा.

उतारपेठ

मी ढोल-ताशा पथकात आहे, या विषयातलं काही कळत नाही, पण वाचताना सारखं पथक आठवत होतं. आमच्याकडे ढोल स्वतःचा लागत नाही, पथकाचा असतो. गणपतीच्या दोन महिने आधीपासून नदीकाठी सराव, नवखी मुलगी पहिल्या दिवशी येते, कमरेला ढोल बांधून मिळतो, शेजारची ताई टोल दाखवते. सुरुवातीला सगळ्यांचं चुकतं आणि ते सगळ्यांच्या आवाजात मिसळून जातं. पुण्यात आज इतक्या मुली ढोल वाजवतात त्याचं कारण मला हेच वाटतं, वाद्य मंडळाचं आणि सराव उघडा. डीजेंचा कन्सोल असा मंडळाच्या मालकीचा का असू नये?

रात्रपाळी

उतारपेठ, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं! बर्लिनची 'नो शेड' ही मंडळी याच्या जवळ जाणारं काहीतरी करते. बायका, ट्रान्स आणि नॉन-बायनरी शिकाऊंना शिकवायचं आणि मग स्वतःच्याच क्लब-रात्रीत वाजवायला उभं करायचं. म्हणजे शिकणं आणि मंच एकाच हातात. पण यंत्र मंडळाच्या मालकीचं, वर्गणी काढून घेतलेलं, ही कल्पना आपल्या मातीतली आहे. नवं सीडीजे परवडणार नाही, पण जुन्या पिढीतले दोन आणि एक मिक्सर वर्गणीतून जमेल असं वाटतं. ग्रुपवर आजच मांडते.

लेव्हल_शून्य, गोदामाची वेळ इथेच लिहा, व्यक्तिगत निरोपात नको. सगळ्यांना दिसू दे.

एक कबूल करायला हवं की हे सगळं चालवणाऱ्यांवर ताण येतो. ग्रुप सांभाळणं, कुणाचं भांडण मिटवणं, रात्री तीनला कुणाचा फोन घेणं, या कशाचेच पैसे मिळत नाहीत, आणि तेवढा वेळ स्वतःच्या सरावातून जातो. ज्यांनी असे गट सुरू केले त्यांच्यातल्या अनेकींचं वाजवणं त्यामुळे मागे पडतं. आम्ही आता कामं फिरती ठेवली आहेत, आणि आम्ही केलेल्या रात्रीच्या गल्ल्यातून व्यवस्था पाहणाऱ्यांना वाजवणाऱ्यांइतकंच मानधन देतो. यावर गटात वाद झाला होता. मी अजूनही त्याच मताची आहे.

गोदाकाठ (नाशिक)

सगळं वाचलं. माझी मुलगी अठरा वर्षांची आहे, पुण्यात शिकते. दिवसभर कानात हेडफोन आणि लॅपटॉपवर गाणी जोडत बसते. तिच्या बाबांना वाटतं वाया चालली. मला वाटत नाही, पण मला यातलं काही कळत नाही. मागच्या दिवाळीत तिने आम्हाला सांगितलं की तिला मुली आवडतात. घरात अजून नीट बोलणं होत नाही. तिने एकटीने क्लबात जावं असं वाटत नाही, आणि तिने हे सोडावं असंही वाटत नाही. तुमच्या दुपारी तिला यायला चालेल का? काय लागतं? मी सोबत आले तर तुम्हाला अवघड होईल का?

टेम्सपार (लंडन)

गोदाकाठ ताई, तुम्ही हे विचारताय यातच खूप आलं. 'क्लब काली'त मी आयांना नाचताना पाहिलं आहे. नक्की जा.

सप्तकोन

ताई, माझ्या आईने असं कुठे लिहिलं असतं तर... असो. तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. आणि तिच्या बाबांशी कधी बोलावंसं वाटलं तर मी आहे.

रात्रपाळी

गोदाकाठ ताई, जरूर यायचं, दोघींनी यायचं. क्लबात रात्री बहुतेक ठिकाणी एकवीस पूर्ण लागतात, पण आमची दुपार कॅफेत असते, बार बंद असतो, त्यामुळे वयाची अडचण नाही. सोबत आलेल्या आया कोपऱ्यातल्या टेबलवर बसतात, तिथे चहा मिळतो, आणि त्यांची आपसात छान ओळख झाली आहे. तुम्ही तिच्या बाबांशी काय बोलायचं ते तिथल्या दोघीतिघींना विचारा, त्या यातून गेल्या आहेत. आमच्यापेक्षा त्या नीट सांगतील.

तिला एवढं सांगा: स्वतःचे हेडफोन आण, वायरवाले, ब्लूटूथ चालत नाहीत. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर, गाणी रेकॉर्डबॉक्समधून (पायोनिअरच्या सॉफ्टवेअरमधून) त्यावर टाक, आणि तीच दुसऱ्या पेनड्राइव्हवरही घे, कारण एक कधीतरी दगा देतोच. वीसेक गाणी पुरेत, पण ती पाठ असलेली. पहिल्या दिवशी कुणी परीक्षा घेत नाही. पत्ता आणि वेळ तुम्हाला निरोपात पाठवली आहे, आणि माझा नंबरही. निघताना एक मेसेज करा, मी खाली घ्यायला येते.